अरोवाना चार मजले उतरतो

वाल्मिक सोनवणे सुरतेत लोकांच्या घरच्या माशांच्या टाक्या सांभाळतो. सकाळी सातला पांडेसऱ्याच्या खोलीतून स्कूटीवर निघतो. मागे पाण्याचे दोन रिकामे प्लॅस्टिकचे कॅरबे, पायाशी पाइपचं वेटोळं, पिशवीत स्पंज, हायपोचे खडे आणि काचेवरचं शेवाळ खरवडायला लोकांनी टाकून दिलेली जुनी एटीएम कार्डं. भटार, अडाजण, पाल, वेसू असं फिरत संध्याकाळपर्यंत सात-आठ घरं होतात. हात कायम ओले, बोटांची टोकं सुरकुतलेली.

पाण्याशी त्याची ओळख मात्र माशांमुळे झाली नाही. अमळनेर तालुक्यातून सतराव्या वर्षी तो सुरतेला आला आणि चौदा वर्षं रंगाईच्या एका मिलमध्ये जेट मशीनवर उभा राहिला. पाणी जड की हलकं, आम्लाकडे झुकलंय की खाराकडे, हे तिथे कळलं नाही तर अख्खा लॉट डागी निघतो. मिलच्या ऑफिसात शेठनी हौसेने माशांची टाकी ठेवली होती आणि दर सोमवारी पाणी बदललं की मंगळवारी त्यातले दोन-तीन मासे पोट वर करून तरंगत. एकदा सहीसाठी आत गेलेल्या वाल्मिकला राहवलं नाही. तो म्हणाला, "शेठ, ब्लीच केल्यावर कापडातलं क्लोरीन मारायला आपण हायपो टाकतो ना, तोच चिमूटभर ह्यात टाका. नळाच्या पाण्यात पण क्लोरीनच असतं." मासे मरायचे थांबले. पुढे खोकल्याने बेजार होऊन त्याने मिल सोडली, तेव्हा त्याच शेठनी आपल्या तीन नातेवाइकांच्या टाक्या त्याला मिळवून दिल्या. अशी सुरुवात झाली.

पण एक काम तो करत नसे. मोठा मासा एका घरातून दुसऱ्या घरी न्यायचा असेल, तर तो दुकानवाल्याचा नंबर द्यायचा आणि गप्प बसायचा.

कारण वेसूचं. तीन वर्षांपूर्वी तिथल्या एका बंगल्यात दोन फुटी अरोवाना दुसऱ्या टाकीत हलवायचा होता. अरोवाना म्हणजे तलवारीच्या पात्यासारखा लांब, चपटा, रुपेरी मासा. नाण्याएवढे खवले, हनुवटीला पुढे आलेल्या दोन मिशा, आणि उडी अशी की तीन-चार फूट सहज. वाल्मिकने जाळं घातलं. मासा जाळ्यात पिळला, बाहेर उसळला आणि कोटा फरशीवर आपटला. घाबरून वाल्मिकने त्याला कोरड्या हातांनी उचललं. अंगावरचा बुळबुळीत थर आणि मूठभर खवले त्याच्या तळव्यांना चिकटून आले. मासा अकरा दिवस जगला. मालक एक शब्द रागावला नाही. "बीजो लावी देजे," एवढंच म्हणाला. दुसरा आण. वाल्मिकला शिवी चालली असती. त्या तीन शब्दांनी तो कितीतरी दिवस नीट जेवला नाही.

माधवी पुराणिकबाईंच्या घरचा अरोवाना त्याहून मोठा होता. बाई मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या, वय अडुसष्ट, गुडघे धरलेले, घरात एकट्या. नऊ वर्षांपूर्वी मुलगा रोहित कॅनडाला जाताना बोटाएवढं पिल्लू मागे ठेवून गेला. त्याचा आता पावणेतीन फुटी मासा झाला होता. टाकीत या टोकापासून त्या टोकापर्यंत तो मान न हलवता असा फिरायचा की बाई त्याला 'साहेब' म्हणत. शाळा तपासायला आलेल्या शिक्षणाधिकाऱ्यासारखा. जुनी चार मजली इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं होतं. बाई भाड्याच्या दोन खोल्यांत जाणार होत्या आणि साहेब पालला राहणाऱ्या डॉ. अनुजा देवरेंच्या आठ फुटी टाकीत. ही सोयरीक वाल्मिकनेच जुळवली होती, कारण डॉक्टरांची टाकीही तोच बघायचा. हलवायला मात्र दुकानवाला येणार होता, पंधरा दिवसांनी, प्राणवायूचं नळकांडं आणि मोठा खोका घेऊन.

ते पंधरा दिवस मिळाले नाहीत.

एप्रिलातली सकाळ. साडेदहाला वाल्मिकचा फोन वाजला. बाईंचा आवाज वर्गात ओरडून बसल्यासारखा झाला होता.

"वाल्मिक, खालचा खांब फुटला रे. फटाक्यासारखा आवाज आला. अग्निशमनवाल्यांनी आम्हा सगळ्यांना खाली उतरवलंय. नवाला लाइट कापली."

"बाई, तुम्ही बऱ्या आहात ना?"

"मी बरी आहे. साहेब वर आहे."

लाइट नाही म्हणजे टाकीतला पंप बंद. बाहेर चाळीस डिग्री, खिडक्या लावलेल्या. वाल्मिकने मनात हिशेब केला: एवढा मोठा जीव, दीड तास झालाच. दुपारपर्यंत तो वर येऊन तोंड उघडमीट करू लागेल आणि संध्याकाळी आटोपेल. त्याने दुकानवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "पडत्या बिल्डिंगमध्ये मी माणूस पाठवत नाही." यात चूक काहीच नव्हतं.

मग त्याने बायकोला, सुंदराला, फोन केला. सुंदरा रिंग रोडच्या कापड मार्केटमध्ये पॅकिंगला होती. साडीच्या पार्सलांची गाठोडी पाठीवर घेऊन चार-चार जिने चढणं-उतरणं हे तिचं रोजचं काम. "कापडाचे ताके भरायची जाड पॉलिथिनची नळी असते ना, रुंद," तो म्हणाला, "ती दहा-बारा मीटर घेऊन पुराणिकबाईंकडे ये. आणि एक मजबूत साडी."

सुंदराने कशाला म्हणून विचारलं नाही. रिक्षा करून ती त्याच्या आधी तिथे पोहोचली.

इमारतीभोवती दोरी बांधली होती. लोक गाद्या, टीव्ही, देवांचे फोटो घेऊन रस्त्यावर बसले होते. बाई प्लॅस्टिकच्या खुर्चीवर होत्या, मांडीवर फक्त पर्स. दोरीपाशी हेल्मेट घातलेले एक इंजिनिअर साहेब उभे होते. वाल्मिकने त्यांना हात जोडून सगळं सांगितलं. ते आधी हसले, मग त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं.

"तडा ए विंगच्या खांबाला आहे," ते हिंदीत म्हणाले. "तुझ्या बाईंची बी विंग. तिथला जिना आम्ही तपासलाय, म्हणून लोकांना थोडं सामान काढू देतोय. पण एक वाजता मी सगळं बंद करणार. नंतर माझा बाप आला तरी नाही."

साडेअकरा झाले होते.

"नको," बाई खुर्चीवरून उठत म्हणाल्या. "वाल्मिक, ऐक माझं. मासाच आहे तो. तुझ्या दोन पोरी आहेत. नको जाऊस."

वाल्मिक थांबला. खरं सांगायचं तर त्याला तेवढंच निमित्त हवं होतं. बाई स्वतःच नको म्हणताहेत. उद्या कुणी बोट दाखवणार नाही. त्याने सुंदराकडे पाहिलं. तिने पॉलिथिनची गुंडाळी काखेत मारली होती आणि पदर खोचला होता.

"जिना चांगला शे म्हणतस ना ते?" ती अहिराणीत म्हणाली. घरात दोघं त्याच बोलीत बोलत. "मंग चाला."

चौथ्या मजल्यावर हवा भट्टीसारखी होती. साहेब पाण्याच्या वरच्या थराला आडवा होता. कल्ले भराभर हलत होते. एरवी वाल्मिक दिसला की तो काचेपाशी यायचा. आज हलला नाही. वाल्मिकने बॅटरीवरचा छोटा पंप पाण्यात सोडला. बुडबुडे उठले तशी माशाने शेपूट एकदा हलवली.

"आता ऐक," वाल्मिक म्हणाला. "जाळं घालायचं नाही. हात लावायचा नाही. पाणी कमी करायचं, पिशवी पाण्यातच उघडायची आणि त्याला आपणहून आत जाऊ द्यायचं. पिशवी पाण्यासकट उचलायची. हाऊ फडफडना ते संपनं."

त्याने पॉलिथिनच्या नळीचे दोन तुकडे कापले, एका टोकाला पक्क्या गाठी मारल्या, एकात एक घातले. पाइप लावून टाकीतलं पाणी मोरीत सोडलं. ते उतरायला पाऊण तास लागला. घाई केली असती तर मासा बिथरला असता. खाली शिट्ट्या वाजत होत्या, कुणीतरी कुणाला हाका मारत होतं. एकदा पलीकडच्या विंगमधून काहीतरी घरंगळल्याचा आवाज आला आणि दोघांनी श्वास रोखला. माशानेही रोखला असावा, कारण त्याचे कल्ले क्षणभर थांबले.

पाणी दीड फुटावर आलं. वाल्मिकने हात कोपरापर्यंत भिजवले आणि पिशवी पाण्यात बुडवली. आतली हवा दाबून काढली आणि पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी उघडं धरलं. सुंदराने टाकीच्या झाकणाची फळी माशाच्या शेपटीमागे आडवी उभी केली.

"हळूहळू," तो म्हणाला. "त्याला वाटलं पाहिजे की भिंतच पुढे येतेय."

मासा पुढे सरकला. मिशा पिशवीच्या काठाला लागल्या आणि तो झटकन वळला. पाणी उडालं. दुसऱ्यांदा तो अर्धा आत गेला आणि मागे फिरला. वाल्मिकला वेसूची कोटा फरशी दिसत होती, तळव्याला चिकटलेले खवले दिसत होते.

"हात थरथरी राह्यना तुम्हना," सुंदरा हळूच म्हणाली.

"माहीत आहे."

"मंग इकडे उभा ऱ्हा. फळी तुम्ही धरा. पिशवी मी धरस."

तो काही बोलणार होता, पण तिने पिशवीची कड धरलीसुद्धा. ताके भरताना पॉलिथिन असंच उघडं धरावं लागतं. तिची मनगटं दगडासारखी स्थिर होती. वाल्मिकने फळी घेतली. बोटभर. थांब. बोटभर. मासा पिशवीच्या तोंडाशी आला, थबकला, आणि मग शेपटीच्या एकाच हेलकाव्याने पुरा आत गेला. सुंदराने मूठ आवळली. वाल्मिकने पंपाची नळी आत सारून हवा भरली, तोंडाला पीळ देऊन रबर चढवलं. पाऊण वाजला होता.

पाण्यासकट वजन चाळीस किलोवर गेलं असेल. खोका जिन्याच्या वळणावर वळला नसता, म्हणून साडी. चौपदरी अंथरून तिच्यात पिशवी लांबच लांब ठेवली, दोन्ही टोकांना गाठी मारल्या आणि तान्ह्या बाळाची झोळी न्यावी तशी दोघांनी ती खांद्यांवर घेतली. उतरताना खालच्या माणसावर भार येतो, म्हणून वाल्मिक पुढे; मागून सुंदरा.

चौथा मजला, तिसरा मजला. प्रत्येक पायरीला सुंदरा मागून "हं" म्हणायची आणि मगच तो पाऊल टाकायचा. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर साडीत एकदम जोराचा हिसका बसला. मासा पिळवटून उसळला होता. वाल्मिकचा खांदा भिंतीवर आपटला, पण झोळी त्याने सोडली नाही. हिसका थांबला. मग पोटरीवर काहीतरी गार लागलं.

पाणी.

कल्ल्याची की पराची धार, कोण जाणे, दोन्ही पिशव्या फाडून गेली होती. साडीच्या कापडातून धार गळत होती. खालून अग्निशमनवाल्याचा आवाज आला, "ओ भाई, जल्दी हेठे ऊतरो! टाइम थयो!" अजून तीन मजले. या हिशेबाने खाली पोहोचेपर्यंत पिशवीत ओंजळभर पाणी राहील.

"पळूया," तो म्हणाला.

"पळू नका!" सुंदरा ओरडली. "छेद कोठे शे ते देखा. खाले ठेवा."

त्यांनी झोळी पायरीवर टेकवली. सुंदराने साडी बाजूला केली. पिशवीच्या पोटाला, खालच्या अंगाला, दोन बोटं जातील एवढी चीर पडली होती. "येले वर ल्या ना," ती म्हणाली. "फिरवा."

दोघांनी पिशवी अलगद लोळवली. चीर वर आली. धार थांबली. आत एक तृतीयांश पाणी कमी झालं होतं, पण मासा अजून पाण्यात होता. वरचा पर फक्त उघडा पडला होता. सुंदराने पदराचा ओला बोळा चिरेवर दाबला आणि पुढचे तीन मजले ती एका हाताने झोळी आणि एका हाताने बोळा धरून उतरली. तिने ते कसं केलं, हे वाल्मिकला आजही नीट सांगता येत नाही.

एक वाजून चार मिनिटांनी ते दोरीच्या बाहेर आले. इंजिनिअर साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि तोंड दुसरीकडे वळवलं.

बाई लंगडत जवळ आल्या. "जिवंत आहे?"

"आहे," वाल्मिक म्हणाला.

रोजच्या ओळखीचा छोटा हाथी टेम्पो त्याने आधीच बोलावून ठेवला होता. फाटकी पिशवी माशासकट नव्या पिशवीत; मागच्या हौद्यात थर्माकोलचा लांब खोका, त्यावर रस्त्यावर बसलेल्यांकडून सुंदराने मागून घेतलेली ओली चादर. तापीवरच्या पुलावर गाड्या खोळंबल्या होत्या. दोघं हौद्यात बसली होती. वाल्मिक दर दोन मिनिटांनी खोक्यात बॅटरी मारून बघायचा.

"जित्ता शे का?" सुंदरा विचारायची.

"जित्ता शे. कल्ला हाली राह्यना."

पुलाच्या मधोमध कल्ला हलायचा वेग निम्म्यावर आला. त्यानंतर तिने विचारणं बंद केलं.

पालला डॉ. अनुजांनी दवाखाना सोडून दार उघडून ठेवलं होतं. त्या दातांच्या डॉक्टर, बोलणं मोजकं. त्यांनी मासा पाहिला आणि म्हणाल्या, "पटकन टाकीत सोड."

"नाही मॅडम. या पाण्यातून त्या पाण्यात एकदम टाकला तर आता मरेल. तासभर द्या."

जुनं पाणी कडक उन्हात तापलेलं, नवं गार. पिशवी टाकीत तरंगत ठेवून वाल्मिक पेल्याने नवं पाणी आत घालू लागला. पेला, मग मोजून पाच मिनिटं. पेला, मग पाच मिनिटं. चाळिसाव्या मिनिटाला मासा कलला. एक बाजू वर, पांढरी.

वाल्मिकने शर्टाची बाही फाटेपर्यंत वर ओढली, पिशवीचं तोंड पाण्याखाली उघडलं आणि ओल्या, गार झालेल्या हातांनी माशाला खालून आधार दिला. हाताने धरायचं नाही, असं तोच म्हणाला होता. त्याने धरलं नाही. दोन तळव्यांवर नुसतं उभं ठेवलं, तोंड फिल्टरच्या धारेकडे करून, म्हणजे पाणी आपोआप कल्ल्यांतून जाईल. टाकीवर ओणवं राहून कंबर मोडली. डॉक्टरांनी मुकाट स्टूल आणून त्याच्या पोटाखाली सरकवलं. सुंदरा खाली बसून काचेतून बघत होती.

किती वेळ गेला ते त्याला कळलं नाही. सुंदरा पन्नास मिनिटं म्हणते. कधीतरी त्याच्या तळव्यांवरचा भार हलका झाला. माशाने शेपूट हलवली, तळव्यावरून सरकला आणि टाकीच्या दूरच्या कोपऱ्यात, खाली तळाशी, जाऊन उभा राहिला. सरळ उभा.

वाल्मिक स्टुलावरून उठला आणि फरशीवर बसला. त्याला रडू येत नव्हतं, पण हात कुठे ठेवावेत ते सुचत नव्हतं. सुंदराने ते आपल्या पदराने पुसले. डॉक्टरांनी चहा आणला. सुंदराच्या उजव्या तळव्याला पॉलिथिनच्या काठाने लांब कापलं होतं, हे चहाचा कप धरताना तिच्या लक्षात आलं. डॉक्टरांनी तिथेच मलमपट्टी केली.

गोष्ट एवढ्यावर संपली नाही. साहेबाची डावी मिशी तुटली होती आणि पाठीवरचे पाच-सहा खवले गेले होते. शिवाय तो खाईना. वाल्मिक रोज पांडेसऱ्याहून पालला जायचा, टाकीत मीठ मोजून घालायचा, कोळंबी चिमट्याने त्याच्या तोंडापुढे धरायचा. मासा तोंड फिरवायचा. रोज संध्याकाळी बाईंचा फोन. "आज?" "आज नाही, बाई." बारा दिवस. पंधरा दिवस. वेसूचे अकरा दिवस मागे पडले, तरी वाल्मिकचा जीव थाऱ्यावर नव्हता. सतराव्या दिवशी बाईंनी फोन केला नाही. बहुधा त्यांना उत्तर ऐकायचं नव्हतं.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी कोळंबी पाण्यात सोडून वाल्मिक पाइप गुंडाळायला वाकला आणि मागे 'खळ्ळ' असा आवाज झाला. वळून बघतो तर कोळंबी नाही. त्याने दुसरी टाकली. साहेब तळापासून वर आला, जबडा टेबलाच्या खणासारखा उघडला आणि ती घेऊन गेला. तिसरीही.

वाल्मिकने ओल्या हातांनीच बाईंना फोन लावला.

"बाई—"

"थांब," बाई म्हणाल्या. "बसू दे मला आधी." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "हं. सांग आता."

"खाल्लं, बाई. तीन."

पलीकडे बाईंनी नाक ओढलं आणि वर्गातल्या आवाजात विचारलं, "सोललेली दिलीस का सालीसकट?"

"सोललेली."

"उद्या सालीसकट दे. लाड नकोत."

त्या वर्षात वाल्मिकने आणखी सहा मोठे मासे हलवले. काम आलं की तो आधी विचारतो, वार कोणता. कारण सुंदराला सुट्टी असेल त्याच दिवशी तो हो म्हणतो. पिशवी तीच धरते.